छत्तीस अंशांची रेघ

आचल नगराळे फळ्यावर वर्तुळाची सिद्धता लिहीत होती आणि तिच्या कपाळावरचा दिवा लालभडक होता.

खिडकीपाशी उभ्या राहून प्रमिलाबाई आस्वले आधी तिच्या हाताकडे बघत होत्या, मग तिच्या कपाळाकडे. हात सांगत होता की पोरीला सगळं समजलंय. कपाळ सांगत होतं की तिच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाहीये. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं आणि बाईंचा आजवरचा अनुभव असा, की खडू सहसा खोटं बोलत नाही.

"ही शेवटची ओळ कशी आली गं?"

"दोन्ही कोन एकाच कंसातले आहेत ना मॅडम," आचल वळून म्हणाली. "मग ते सारखेच राहणार. त्यांच्यात भांडण नाही."

"पण हे मी कुठे शिकवलंय अजून?"

"दादाच्या दहावीच्या पुस्तकात आहे."

आठवीतली पोर दहावीचं पुस्तक वाचून मोकळी झाली होती. तिने कपाळावरचा ओला दुपट्टा सारखा केला, त्याच्यावरचा पट्टा घट्ट केला आणि ती जागेवर जाऊन बसली. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा उमटला होता: एकतीस. खाली शेरा: 'ग्रहण मंद.'

सन दोन हजार चव्वेचाळीसचा मार्च महिना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पळसबोडी गावच्या शाळेत ग्रहणपट्टा येऊन तीन वर्षं झाली होती. त्याचं शास्त्र तसं अवघड नव्हतं. माणूस विचार करायला लागला की कपाळामागचा मेंदू जास्त प्राणवायू मागतो आणि तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. ताजं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त हे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पट्ट्यात एका बाजूला असा प्रकाश सोडणारा ठिपका, तीन सेंटिमीटरवर तो टिपणारा दुसरा. प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून आत जातो, मेंदूच्या वरच्या थरातून वळून परत येतो, आणि परत येताना किती उरला यावरून कळतं की आत काम चाललंय की सुट्टी आहे. त्यावरून निघायचा तो ग्रहणांक. साठच्या वर हिरवा दिवा, चाळिसाच्या खाली लाल. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याची चेष्टा करून घेतली होती. शाळा सुटली की पारावरचे म्हातारे हटकून विचारायचे, "काय रे, सुटलं का ग्रहण?"

यंदा मात्र चेष्टा कुणाला सुचत नव्हती. चार तापत्या जिल्ह्यांतल्या तीन वर्षांच्या नोंदी चाळून ग्रीष्म अध्ययन मंडळाने निष्कर्ष काढला होता की हवेचं तापमान छत्तीस अंशांच्या वर गेलं की मुलांचं ग्रहण एकदम निम्म्यावर येतं. मग भर उन्हात पोरांना गणित-विज्ञान शिकवून छळायचं कशाला? पुढच्या वर्षापासून या जिल्ह्यांत आठवीच्या पुढे 'हलका अभ्यासक्रम'. गणित नाही, विज्ञान नाही. ज्यांचा ग्रहणांक उन्हाळ्यातही साठच्या वर राहील, त्यांना डोंगरावरच्या शीतशाळेत जागा मिळेल. बाकीच्यांनी गावातच राहून चित्रकला आणि परिसर अभ्यास करावा. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी हरकतींची सुनावणी होती आणि त्यानंतर हुकूम निघणार होता.

आचलचा आकडा एकतीस. म्हणजे तिच्या आयुष्यातलं गणित याच वर्षी संपणार होतं.

शाळा सुटल्यावर तिचा बाप फाटकापाशी उभा होता. दिवाकर नगराळे गावात मोटारी दुरुस्त करायचा आणि बोलताना हातातलं फडकं पिळत राहायचा.

"मॅडम, एक इचारू का? पोरगी घरी तिच्या भावाले गणितं शिकवते. अन् तुमचं यंत्र म्हनते का तिच्या डोक्यात काईच जात नाई. मी कोनाचं आयकू?"

"ते माझं यंत्र नाही, दिवाकरभाऊ."

"तुमच्याच पोरीनं तं बनवलं ना जी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

प्रमिलाबाईंना मूलबाळ नव्हतं. दिवाकर ज्या 'पोरी'बद्दल बोलत होता ती चारुलता मोहुर्ले. पळसबोडीची, याच शाळेची, बाईंच्या हाताखाली मूळ संख्या मोजत वाढलेली. आता पुण्यात मेंदूविज्ञानातली डॉक्टर; पट्टा तिचाच, आणि छत्तीस अंशांची ती रेघही तिनेच ओढलेली. बाईंना तिचा इतका अभिमान होता की तिच्या नावाची बातमी त्यांनी स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवली होती.

त्या दुपारी बाईंनी आलेखाचा कागद काढला. यंत्राचा पडद्यावरचा आलेख त्यांना फार गुळगुळीत वाटायचा. मागच्या उन्हाळ्याच्या मूळ नोंदी घेऊन त्या एकेक ठिपका पेन्सिलीने मांडत बसल्या. आडव्या रेघेवर तापमान, उभ्या रेघेवर वर्गाचा सरासरी ग्रहणांक. चोवीस अंशांपासून ठिपके बहात्तर-सत्तरच्या आसपास आडवे चालत आले. तीस, बत्तीस, पस्तीस, तरी आडवेच. छत्तीसला आले आणि विहिरीच्या काठावरून पाय घसरावा तसे सरळ खाली, तेहतिसावर. तिथून पुन्हा आडवे, बेचाळीस अंशांपर्यंत.

बाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. मग त्यांनी पुण्याला फोन लावला.

चारुलता पडद्यावर दिसली तेव्हा तिच्या मागे काचेची प्रयोगशाळा होती. कागद बघून ती हसली. "मॅडम, तुम्ही हाताने काढलात?"

"हाताने काढला म्हणून दिसलं. चारू, ही पायरी कशी काय? माणूस उन्हाने हळूहळू कोमेजतो. पस्तीस पूर्णांक नऊला शहाणा आणि छत्तीसला ठोंब्या, असं कसं होईल?"

"हाच तर आमचा शोध आहे, मॅडम. पाणी नव्याण्णवला पाणी असतं आणि शंभरला वाफ होतं, तसंच. घाम गाळून डोकं थंड ठेवायची शरीराची ताकद एका हद्दीपर्यंत पुरते. हद्द ओलांडली की मेंदू आपला खर्च एकदम आवरता घेतो. चार जिल्हे, सहाशे शाळा, सगळीकडे हद्द एकच. छत्तीस." मग तिचा आवाज जरा उतरला. "आणि मला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. सहावीत परिपाठाच्या रांगेत ऊन लागून मी पडले होते, आठवतं ना? त्या दिवशी तुम्ही काय शिकवलंत, मला आजही आठवत नाही. या पोरांचं तसं होऊ नये, एवढंच मला वाटतं."

पोरगी कळवळ्याने बोलत होती, आणि दाखला चोख होता. बाईंना पटलं. फोन ठेवताना त्यांना आपल्या शंकेची लाजही वाटली.

पटलेलं संध्याकाळपर्यंत टिकलं. चहाचं आधण ठेवलं आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले, तशा बाई तिथेच थांबल्या. पाणी उकळायच्या आधी चाहूल देतं. त्यांच्या कागदावर पस्तीस अंशांना कसलीच चाहूल नव्हती. चहा उकळून काळा झाला.

तेव्हापासून त्यांच्या मनात संशयाने घर केलं. आकडे बनावट तर नाहीत? शीतशाळा भरायच्या आहेत म्हणून कुणी मुद्दाम रेघ ओढली नाही ना? चारूला हे माहीत असेल का? हा शेवटचा प्रश्न मनात आला की त्या तो झटकून टाकायच्या आणि तो परत यायचा.

घोटाळा हाती लागला तो एका विसराळूपणामुळे.

पळसबोडीच्या शाळेत एक रीत होती. व्हरांड्यात भिंतीवर एक जुना तापमापक. पारा छत्तीसवर गेला की प्रमिलाबाई घंटेचे दोन ठोके द्यायच्या. दोन ठोके पडले की सगळी मुलं रांजणापाशी जायची, आपापले पांढरे दुपट्टे पाण्यात बुचकळायची आणि कपाळावरून डोक्याला गच्च बांधून वर्गात परतायची. पट्टा मग दुपट्ट्यावरून. चारुलता रांगेत पडली त्या वर्षी बाईंनीच ही रीत घातली. छत्तीसच का, तर त्या दिवशी तिला सावलीत निजवून बाईंनी वर बघितलं तेव्हा पारा छत्तीसवर होता, एवढंच त्याचं शास्त्र. तेव्हापासून बावीस वर्षांत शाळेत एकाही पोराला ऊन लागलं नाही. पाहुणे येऊन बघून गेले, परिपत्रक निघालं, आणि 'पळसबोडी पद्धत' चारही तापत्या जिल्ह्यांतल्या शाळांनी उचलली. दोन ठोके, छत्तीस अंश, ओला दुपट्टा.

मार्चअखेरच्या एका दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन आला. ते बोलायला लागले की घड्याळाला घाम फुटतो. फोन आटोपून बाई बाहेर आल्या तर पारा अडतिसावर. घाईघाईने दोन ठोके दिले. मुलांनी दुपट्टे भिजवले. दुपारी बाईंनी सवयीप्रमाणे नोंदी उघडल्या. गच्चीवरच्या हवामानपेटीने छत्तीस अंश नोंदवले होते नऊ चाळीसला. ग्रहणांक कोसळला होता दहा चौदाला.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मधली चौतीस मिनिटं वर्ग सदतीस-अडतीस अंशांत बसला होता आणि दिवे हिरवे होते. त्यांनी घंटा दिली होती दहा वाजून अकरा मिनिटांनी.

म्हणजे दिव्यांना उन्हाशी कर्तव्य नव्हतं. दिवे घंटेची वाट बघत होते!

पहिला विचार आला तो वाईटच आला. यंत्राला कान आहेत. चारूला ही घंटा ठाऊक आहे, जन्मभर ठाऊक आहे. तिने यंत्राला घंटा ऐकायला शिकवलं. दोन दिवस बाईंच्या तोंडाला चव नव्हती. आपण वाढवलेल्या पोरीवर असा संशय यावा याचं त्यांना रडू येत होतं, आणि तो जातही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, पारा सत्तावीसवर असताना, बाईंनी मुद्दाम दोन ठोके दिले.

आठवीची तेवीस मुलं उठली, रांजणाकडे गेली, दुपट्टे भिजवून बांधून, वर पट्टे चढवून परत आली. हवेत गारवा होता. रांजणाचं पाणी तर बर्फासारखं. दोघातिघांचे दात वाजत होते. पण एकानेही विचारलं नाही की मॅडम, आज ऊन कुठे आहे? शिकवलेलं इतकं मुरलं होतं. बाईंना त्याचंच पहिल्यांदा भय वाटलं.

"मॅडम, हुडहुडी भरून राहिली जी," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

बाई दिवे बघत होत्या. एक लाल झाला, मग चार, मग सगळी रांग. सत्तावीस अंशांना अख्खा वर्ग 'ग्रहण मंद'.

"दुपट्टे काढा. कपाळं पुसा. पट्टे नुसत्या कपाळावर लावा."

पाच मिनिटांत दिवे हिरवे. मग बाईंनी घंटा न देता, नुसतं हाताने खुणावून दुपट्टे पुन्हा बांधायला लावले. दिवे लाल. दुसरे कोरडे दुपट्टे बांधले तर हिरवे. आता पोरांना खेळ कळला आणि वर्गात एकच गलका झाला.

"मॅडम," आचल उभी राहून म्हणाली, "हे यंत्र आमचं डोकं नाही मोजत. पाणी मोजते."

तसंच होतं ते. कोरडं पातळ कापड चालतं, हे पट्ट्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, कारण तापत्या मुलखात डोकी उघडी नसतात. ओल्या कापडाचं कुणी लिहिलं नव्हतं. कापडाच्या धाग्यांत पाणी भरलं की प्रकाशाला आडवी वाट मिळते. एका ठिपक्यातून निघालेला प्रकाश डोक्यात शिरायची तसदीच घेत नाही. कापडातल्या कापडात पळून दुसऱ्या ठिपक्याशी पोचतो. यंत्र बघतं की गेला तसा परत आला, आत काहीच घडलं नाही. त्याच्या लेखी मेंदू झोपलेला.

छत्तीस अंशांची रेघ निसर्गाने ओढली नव्हती, चारूनेही नाही. ती प्रमिला आस्वले यांनी बावीस वर्षं रोज घंटेच्या दोन ठोक्यांनी ओढली होती. बाई खुर्चीवर बसल्या आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही करू लागल्या.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. सकाळचे अकरा, पंखे गरगरत होते आणि बाहेर पारा बेचाळीसवर होता. मंडळाचे अध्यक्ष खासनीस, त्यांच्या शेजारी चारुलता, समोर तेवीस मुलं ओल्या दुपट्ट्यांनिशी आणि त्यांच्यामागे आईबाप. बाईंना बघताच चारुलता उठून वाकली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर दिली नाही.

बाईंनी भाषण केलं नाही. घंटा उशिरा झाली त्या दिवसाच्या आणि सत्तावीस अंशांच्या त्या सकाळच्या नोंदी पडद्यावर लावल्या. मग मंडळाच्याच एका कारकुनाला पुढे बोलावून त्याच्या कपाळावर पट्टा बांधला आणि त्याला सतराचा पाढा म्हणायला लावला. अठ्ठावन्न. ओला दुपट्टा बांधून पुन्हा तोच पाढा. एकोणतीस. सभागृहात हशा पिकला. कारकूनही बिचारा हसला.

चारुलता हसली नाही. तिने दुपट्टा हातात घेतला, पिळला, दोन बोटांमध्ये धरून बघितला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "तीन वर्षं," ती हळूच म्हणाली, "आम्ही ओल मोजली."

"तू स्वतः पाच वर्षं हा दुपट्टा बांधलास, चारू," बाई म्हणाल्या. "तुला एकदाही सुचलं नाही?"

"नाही, मॅडम. केस भिजलेत का, असं कुणी विचारतं का? मला तो कधी डोक्यापासून वेगळा वाटलाच नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. खरं बोलत असावी, असं त्यांना वाटलं. पण आपल्याला तसं वाटावंसं वाटतंय, हेही त्यांना कळत होतं.

खासनीस साहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या. "वा, प्रमिलाताई! फार मोलाची सूचना. म्हणजे दोष मुलांत नाही, कापडात आहे. उपाय किती सोपा! रेघ रद्द. उद्यापासून पट्टा कोरड्या डोक्यावर बांधायचा. साठच्या वर जातील त्यांचं गणित चालू, जागाही त्यांनाच. डोकं कोरडं ठेवायचं, बस्स."

हे शब्द खाली पडायच्या आत दिवाकर नगराळे पुढे झाला. त्याने आचलच्या डोक्यावरचा दुपट्टा सोडला, आपल्या हातातल्या फडक्याने तिचं कपाळ घासून पुसलं आणि पट्टा चढवला. पडद्यावर आकडा आला: एकोणऐंशी.

"पाहा!" तो ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "पाहा माही पोरगी!"

मग कुणी थांबलं नाही. आया उठल्या, बाप उठले. जो तो आपल्या पोराचं डोकं कोरडं करू लागला. टेबलावर ओल्या दुपट्ट्यांचा ढीग पडला आणि हिरवे दिवे एकामागून एक लागत गेले. लोक टाळ्या पिटत होते. खासनीस साहेब मान डोलवत होते.

प्रमिलाबाई त्या ढिगाकडे बघत राहिल्या. गणित वाचलं होतं. पण उद्यापासून चार जिल्ह्यांतल्या सहाशे शाळांत, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, एक आकडा हिरवा राहावा म्हणून पोरं उघड्या कोरड्या डोक्याने बसतील आणि आईबापच त्यांना तसं बसवतील. आचलचे गाल आत्ताच लाल झाले होते. हे आपण केलं. दुसरं कुणी नाही, आपण.

"साहेब, थांबा!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की टाळ्या थांबल्या. "चारू, मला एक सांग. कोरड्या डोक्यावर यंत्र बरोबर चालतं?"

"हो, मॅडम."

"छत्तीसच्या वर?"

"हो... चालायला हवं."

"हवं ते विचारत नाही. बघितलंयस? आपल्या चार जिल्ह्यांत छत्तीसच्या वर प्रत्येक पोराचं डोकं ओलं असतं. या तीन वर्षांत छत्तीसच्या वरची, कोरड्या डोक्याची एक तरी नोंद आहे तुझ्याकडे?"

चारुलताने पडद्यावरच्या नोंदींकडे बघितलं. "पळसबोडीत परवा... ती चौतीस मिनिटं."

"ती माझ्या चुकीची. तुझ्या प्रयोगाची सांग."

"नाही."

"पुण्याच्या प्रयोगशाळेत?"

"तिथे चौतीस अंशांपर्यंतच. त्याच्या वर मुलांना उघड्या डोक्याने बसवायची..." ती अडखळली.

"बोल ना."

"परवानगी मिळत नाही, मॅडम. धोका असतो."

बाई खासनीस साहेबांकडे वळल्या नाहीत, लोकांकडे वळल्या.

"ऐकलंत का? जे पुण्यात डॉक्टर समोर उभे असताना करू देत नाहीत, ते आपण उद्यापासून आपल्या पोरांवर रोज करणार. हा एकोणऐंशीचा आकडा खरा की खोटा, हेही कुणाला ठाऊक नाही. दिवाकरभाऊ, ते ठरवायला पहिलं डोकं कुणाचं कोरडं ठेवायचं?"

दिवाकरने लेकीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग ढिगातून तिचा दुपट्टा शोधू लागला.

"अहो, पण आकडा नसेल तर मी कुणाचं गणित चालू ठेवू?" खासनीस वैतागले. "कशाच्या आधारावर? डॉक्टर, तुम्ही काहीतरी बोला."

चारुलतापुढे अहवाल पडला होता, तीनशे पानांचा, वर तिचं नाव. त्या नावावर तिची नोकरी उभी होती, दोन पुरस्कार, आणि कुणास ठाऊक आणखी काय काय. तिने पेन उघडलं, पहिल्या पानावर आडवं काहीतरी लिहिलं, सही केली आणि अहवाल अध्यक्षांपुढे सरकवला. खासनीस साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, कारण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

"'छत्तीस अंशांवरील सर्व नोंदी अग्राह्य. त्यांवर आधारलेले माझे सर्व निष्कर्ष मी मागे घेत आहे. या यंत्राचा आकडा कोणत्याही मुलाचा विषय चालू किंवा बंद करण्यासाठी वापरू नये.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "डॉक्टर, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"कळतो, सर."

"उन्हाने काहीच होत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"होत असेल. थोडं थोडं, तिसापासूनच, पुण्यातही. मला माहीत नाही. माहीत आहे असं मी तीन वर्षं समजत होते."

हुकूम निघाला नाही. आठवीच्या पुढचं गणित पुढच्या वर्षीही वेळापत्रकात राहिलं आणि लोक आपापल्या पोरांची डोकी पुन्हा भिजवून घरी गेले.

चारुलताची गाडी वडाच्या सावलीत उभी होती. बाई तिला पोचवायला गेल्या. चारुलताने डोळे पुसले आणि मग, लहानपणी रुसायची तशी, म्हणाली, "मॅडम, आधी मला फोन का नाही केलात? मीच सगळं मागे घेतलं असतं. चारचौघांत असं..."

"पहिल्यांदा केला होता."

"तेव्हा तुम्हाला हे कुठे कळलं होतं! कळल्यावर का नाही केलात?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "चारू, मी तुला फोन केला असता, तर तू माझं ऐकलं असतंस, की मलाच पटवून दिलं असतंस?"

चारुलता विचार करत राहिली. ती नेहमीच उत्तर देण्याआधी विचार करायची आणि विचार करून जे निघेल ते खरं सांगायची. बाईंना तिचं तेच सगळ्यांत आवडायचं.

"तुम्हाला पटवून दिलं असतं," ती म्हणाली.

"आणि मला पटलं असतं," बाई म्हणाल्या. "म्हणून नाही केला."